तुम्ही विचारलंत म्हणून : तय्यबजी आणि मक्तबात गेलेली वर्षं

मुंबईचे मुसलमान इंग्रजी शिक्षणात मागे पडले ते मौलवींच्या विरोधामुळेच ना, असं नेहमी विचारलं जातं. विरोध होताच. पण एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी यांनी काय केलं ते बारकाईनं पाहिलं, की मोठा अडसर दुसरीकडे दिसतो.

इंग्रजी शाळेत बसायचं तर आधी मराठी किंवा गुजराती इयत्ता पुऱ्या कराव्या लागत. मुसलमान मुलाची नेमकी तीच वर्षं मक्तबात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या प्राथमिक शाळेत जात. तिथे अरबी अक्षरं आणि कुराणपठण, तेही बहुधा अर्थ न कळता; हिशेबाला जागा जवळपास नाही. मक्तब संपवून तो सरकारी शाळेत गेला, तर लहान पोरांच्या रांगेत बसून मुळाक्षरांपासून सुरुवात. मग बाप त्याला सरळ दुकानात बसवी. बापाचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

त्यात घरोघरची बोली वेगळी. कोकणी मुसलमानांची कोकणी, मेमनांची कच्छी वळणाची, बोहऱ्यांची गुजराती. तय्यबजी बोहऱ्यांच्या सुलेमानी शाखेतले. त्यांच्या वडिलांनी तर घरात गुजरातीच्या जागी हिंदुस्तानी आणली होती. स्वतः बदरुद्दीन मदरशातून एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. दोन्हीकडचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं.

१८७४ साली थोरले भाऊ कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोगे वगैरेंबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था काढली. शाळा सुरू व्हायला १८८० उजाडलं. तोड साधी होती : मक्तब आणि शाळा एकाच छपराखाली. उर्दू, धर्मशिक्षण, इंग्रजी आणि गणित एकाच वेळापत्रकात बसवलं, म्हणजे मुलाची वर्षं वाया जात नाहीत आणि घरच्यांना धर्म सुटल्याची धास्ती राहत नाही. १८८२ साली सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढेही तय्यबजींनी मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. बोरीबंदर स्टेशनासमोरची संस्थेची इमारत १८९३ ची.

या तोडीतही खोट होती. उर्दूनं सगळ्या जमाती एका बाकावर आल्या, हे फार मोठं काम. पण कोकणी मुलाला ती घरची भाषा नव्हती, आणि मराठी मुलखात राहून मराठी मात्र बाजूला पडली. दुसरी उणीव मला जास्त खुपते. तय्यबजींनी स्वतःच्या मुलींना शिकवलं. संस्थेचं मुलींचं हायस्कूल मात्र १९३६ साली निघालं. तय्यबजींना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.