नाशकातला बर्फ

कुरडया ठेवायला माळ्यावरचा डबा काढला, तर आत निघाला जुना डिजिटल कॅमेरा. २००८ साली हौसेनं घेतलेला. बॅटरी मेली होती, पण वरची चकती अजून कटकट वाजत फिरत होती. कुरडया राहिल्या बाजूला, मी चकतीच फिरवत बसले. समोर काय आहे ते कॅमेऱ्याला सांगायला तिच्यावर चित्रं: बाईचा चेहरा, डोंगर, पळणारा माणूस, फूल आणि शेवटी ‘सीन’. त्यात तर अख्खा संसार: सूर्यास्त, जेवण, बाळ, आतषबाजी, समुद्रकिनारा, बर्फ.

रविवार कारंजाजवळच्या स्टुडिओतले काका आठवले. “कुठली सीनरी?” म्हणायचे. पडदे तीन: राजहंसांचं तळं, खांबांचा जिना आणि बर्फाचे डोंगर. मी दर वेळी बर्फच. मे महिना, अंगात परकर-पोलकं, घामानं पावडर ओघळलेली आणि मागे हिमालय. पडद्याला एक ठिगळ होतं, ते नेमकं माझ्या कानामागे यायचं.

कॅमेऱ्यातले सीन मी इमानदारीनं वापरले. आतषबाजीत शटर काही सेकंद उघडं राहतं, हात हलला की रॉकेटच्या शेवया होतात. आमच्या दिवाळीच्या फोटोंत शेवयाच आहेत. रात्रीच्या पोर्ट्रेटमध्ये फ्लॅश पडून गेला तरी शटर मिटलेलं नसतं. आमची माणसं मात्र फ्लॅश पडला की झालं म्हणून उठतात. रामकुंडावर काढलेल्या फोटोत मावशीच्या पोटातून पलीकडचे दिवे दिसतात. तिला तो फोटो कधीच दाखवला नाही.

बर्फाला मात्र हात लावला नव्हता. नाशकात बर्फ कसला? फार तर निफाडकडे दव गोठल्याची बातमी येते, तेवढंच.

आजोबांचं पांढऱ्याचं वेड भारी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि बसायचे पंचवटीतल्या वाड्याच्या चुना लावलेल्या भिंतीला टेकून. फोटोत सगळं राखाडी यायचं. मग आजीची हजेरी. “काय गं, टोपी धुतलीस की नुसती भिजवलीस?” आजी बिचारी पुन्हा साबण, पुन्हा नीळ. दोष खरा कॅमेऱ्याचा. समोर पांढरंच पांढरं दिसलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि तो सगळं करड्यावर आणून ठेवतो. बर्फाचा सीन त्याला तेवढंच सांगतो की बाबा रे, हे पांढरंच आहे, दाबू नकोस.

हे मला कळलं ते चुकून. एकदा ‘सीन’मध्ये बर्फच निवडला गेला आणि टोपी आली अशी लख्ख, की आजी चष्मा लावून बघायला आली. “बघा,” म्हणाली, “माझ्या धुण्यात काही नव्हतं.”

आजोबांनी कॅमेरा लांब धरला, जवळ धरला.

“नीळ जरा जास्त झालीय,” म्हणाले.