मायनस सातची नजर आणि नवे भिंग

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नजर कशी झाली हे सांगताना लोक बहुधा लांबचेच सांगतात. एसटीची पाटी वाचता येते, रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू येतो, टीव्हीसाठी चष्मा लागत नाही. ज्यांची लांबची नजर आयुष्यभर चांगली होती आणि मोतीबिंदूने ती झाकोळली, त्यांच्यासाठी हे वर्णन अगदी खरे आहे. शाळकरी वयापासून जाड चष्मा लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा हिशेब मात्र निराळा असतो, कारण आमच्याकडे गमावण्यासारखी एक गोष्ट असते आणि ती म्हणजे अगदी जवळची नजर.

माझा नंबर मायनस सात होता. याचा सरळ अर्थ असा की, चष्मा काढल्यावर मला साधारण चौदा सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसे आणि त्यापलीकडे सगळे धूसर. व्यवहारात ही अडचण होती. पण मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि त्या कामात हीच अडचण माझी सोय झाली होती. कासच्या पठारावर सीतेच्या आसवांचे एखादे इवलेसे निळे-जांभळे फूल तोडायचे नसेल, तर चष्मा कपाळावर चढवून, गुडघ्यांवर बसून, फुलाला जवळजवळ नाक लावून मी त्याच्या पाकळीवरच्या रेषा पाहत असे. विद्यार्थी खिशातून भिंग काढीपर्यंत माझे निरीक्षण संपलेले असे. हातभर अंतरावरून दिसणाऱ्या प्रतिमेच्या मानाने इतक्या जवळून पाहिलेली वस्तू जवळजवळ तिप्पट मोठी दिसते, आणि तीही कोणत्याही उपकरणाशिवाय.

पन्नाशीनंतर मोतीबिंदू सुरू झाला तो डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाच्या केंद्रभागात. या प्रकारात भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, प्रकाश अधिक वळवतो आणि मायनस नंबर वाढत राहतो. ज्यांचा लांबचा नंबर मुळात शून्याच्या आसपास असतो, अशा वयस्कर मंडळींना या टप्प्यावर अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि ‘आजोबांची नजर परत आली’ म्हणून घरात कौतुक होते. प्रत्यक्षात ती मोतीबिंदूची पहिली वर्दी असते. माझ्या बाबतीत कौतुकाला वाव नव्हता. नंबर सातावरून नऊ, नऊवरून अकरा असा चढत गेला, दर खेपेस नवा चष्मा आला आणि तरीही रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसत राहिले.

शस्त्रक्रिया ठरली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “मॅडम, चष्म्याशिवाय लांबचं स्पष्ट हवं की जवळचं?” हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जातोच असे नाही, आणि माझ्या मते तो विचारला गेलाच पाहिजे. नैसर्गिक भिंग काढून त्या जागी बसवले जाणारे साधे भिंग एकाच अंतरावर नीट केंद्रित होते आणि ते अंतर कोणते असावे हे आधीच ठरवता येते. एकाहून अधिक अंतरांवर काम करणारी भिंगेही मिळतात. पण त्यांच्यात प्रकाश विभागला जातो, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि रंगाच्या फिकट छटांमधला फरकही काहीसा कमी जाणवतो. ज्याला फुलांच्या छटा पाहायच्या आहेत, त्याने तो मार्ग टाळलेला बरा, असे मी ठरवले. मी मायनस अडीच मागून घेतला. म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर, हातात धरलेल्या पुस्तकाच्या अंतरावर, चष्म्याशिवाय स्पष्ट, आणि लांबसाठी एक पातळ चष्मा.

हा निर्णय नातेवाइकांना अजून पचलेला नाही. “वन्सं, ऑपरेशन झालं ना? मग हा चष्मा कशाला अजून?” हा वहिनींचा प्रश्न दर सणाला येतो. त्यांना मी थोडक्यात उत्तर देते, इथे सविस्तर देते. साठ वर्षे ज्याने चष्मा काढून पुस्तक वाचले, सुईत दोरा ओवला, औषधाच्या पाकिटावरची मुदत पाहिली, त्याला लांबचे शून्य करून दिले तर दिवसभरातल्या निम्म्या कामांसाठी जवळचा चष्मा शोधत फिरावे लागते. शिवाय जास्त मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळाच पुढून मागे लांब असतो, सर्वसाधारण साडेतेवीस मिलिमीटरपेक्षा बराच जास्त. भिंगाची शक्ती ठरवण्याचे गणित या लांबीवर चालते आणि फार लांब डोळ्यांत ते जुन्या सूत्रांनी चुकले, तर बहुधा प्लसकडे चुकत असे, म्हणजे शून्य मागितला तरी प्लस नंबर येई; तसे झाले तर चष्म्याशिवाय ना जवळचे स्पष्ट, ना लांबचे. थोडा मायनस राखून ठेवण्यात ही सावधगिरीही होती.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. भुलीचे थेंब, डोळ्यावर प्रखर प्रकाश, अडीच मिलिमीटरच्या आसपासचा छेद, टाका नाही, आणि संध्याकाळी घरी. माझ्या आजीच्या वेळी भिंग काढीत, पण नवे बसवीत नसत. त्यामुळे तिला प्लस दहाचा जाड चष्मा मिळाला होता आणि त्यातून तिचे डोळे भलेमोठे दिसत. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग बसवले; पण ते जगभर स्थिरावायला काही दशके गेली आणि भारतात त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्यात येण्यासाठी मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून केलेल्या देशी उत्पादनाची वाट पाहावी लागली. आजीला त्याचा उपयोग होण्याइतका अवधी मिळाला नाही.

खरा लिहिण्याजोगा काळ होता तो एक डोळा झाल्यानंतरचा आणि दुसरा व्हायच्या आधीचा. उजव्या डोळ्यात नवे भिंग, डाव्यात जुना मोतीबिंदू. एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहण्याचा मला अक्षरशः नाद लागला. डाव्या डोळ्याने पाहिलेली खोली कोऱ्या चहाच्या ग्लासातून पाहिल्यासारखी होती, आणि आश्चर्य याचे की, उजवा डोळा होईपर्यंत मला ती तशी कधी वाटलीच नव्हती. भिंग वर्षानुवर्षे पिवळे, मग तपकिरी होत जाते आणि जांभळा व निळा प्रकाश अडवते. पण हे इतके हळूहळू होते की, मेंदू त्यालाच पांढरे मानून बाकीचे रंग त्याच्याशी जुळवून घेतो. उजव्या डोळ्याने पाहिल्यावर ओट्यावरच्या गॅसची ज्योत दिवसाउजेडीही ठसठशीत निळी दिसली, तीच डाव्याने जेमतेम कळत होती. हॉलमधला ट्यूबलाइट पांढरा न वाटता निळसर वाटू लागला. ज्या दोन साड्या मी एकाच रंगाच्या समजून वापरत होते, त्यांतली एक पांढरी आणि दुसरी चक्क सायीच्या रंगाची निघाली.

हा निळसरपणा कायम राहत नाही. मेंदू पांढऱ्याची व्याख्या पुन्हा बदलतो आणि त्याला काही आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिनेही लागतात. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली, तेव्हा त्याला सगळे निळे दिसते, पिवळे दिसते अशा तक्रारींनी तो हैराण झाला होता आणि रंगीत काचांचे चष्मे बदलून पाहत होता. त्याच्या डोळ्यात नवे भिंग नव्हतेच, त्यामुळे नैसर्गिक भिंग जे अतिनील किरण अडवते तेही काही अंशी आत जात असावेत. आजच्या भिंगांत अतिनील किरण अडवणारा घटक बहुधा असतोच, काहींना किंचित पिवळी छटाही दिलेली असते. मधमाश्यांना पाकळ्यांवरच्या अतिनील खुणा दिसतात, हे वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेल्या बाईला क्षणभर वाटून गेले की, तो घटक नसलेले भिंग मागायला हवे होते. पण दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, दृष्टीने ती हौस परवडणारी नाही.

याच काळात दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहणे मात्र कठीण होते. एक डोळा मायनस अडीच, दुसरा मायनस अकरा. दोन्हींचे नंबर चष्म्यात घातले, तर अकराच्या काचेतून वस्तू बऱ्याच लहान दिसतात आणि दोन आकारांच्या दोन प्रतिमा मेंदूला जुळवता येत नाहीत. डोके दुखते, मळमळते. ज्यांचा मायनस मोठा आहे, त्यांनी दोन शस्त्रक्रियांमध्ये फार अंतर ठेवू नये किंवा मधल्या काळापुरती एका डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का हे विचारून घ्यावे. मी लेन्सच्या भानगडीत पडले नाही; फक्त उजव्या डोळ्यापुरती काच बदलून घेतली आणि डाव्या डोळ्याचे काम त्याची पाळी येईपर्यंत जवळपास बंदच ठेवले.

दोन्ही डोळे झाल्यावर जग मोठे झाले. जाड मायनस काचा काढून टाकल्यावर असे होणारच, हे प्रकाशशास्त्र मला ठाऊक होते. पण पायांना ते ठाऊक नव्हते. जिना उतरताना पायरी अपेक्षेपेक्षा जवळ आणि रुंद दिसे आणि पाऊल जरा आधीच टेकायला जाई. कपात चहा ओतताना धार काठाला लागे. शरीराने साठ वर्षे लहान प्रतिमांवरून अंतरे मोजलेली असतात. तो हिशेब मोडून नवा बसेपर्यंत कठडा धरून उतरावे, रात्री एकट्याने गच्चीवर जाऊ नये, इतके पथ्य पुरते. आरशात स्वतःचे डोळे पूर्ण आकारात पहिल्यांदा दिसले, याची गंमत वाटली. सुरकुत्या आणि कोपऱ्यांतली जळमटे याविषयी सगळेच सांगतात, म्हणून ते सोडते.

बाजूने येणाऱ्या प्रकाशाचा प्रकार मला आधी कोणी सांगितला नव्हता. कानाच्या बाजूला दृष्टीच्या कडेशी एक काळसर चंद्रकोर काही काळ दिसत असे आणि बाजूचा दिवा लागला की कडेला एक लखलखीत रेघ उमटून जाई. कृत्रिम भिंगाचा दृष्टीसाठीचा भाग साधारण सहा मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे नैसर्गिक भिंगापेक्षा लहान आणि कडेला सरळ कापलेला असतो. त्या कडेवरून प्रकाश वळतो किंवा अडतो. बहुतेकांना काही आठवड्यांत त्याची जाणीव राहत नाही. मला ती रेघ आजही अधूनमधून दिसते, विशेषतः तिरप्या उन्हात, पण त्रास म्हणावा असे काही नाही.

चंद्रकोर आणि ही रेघ निरुपद्रवी असल्या, तरी लांब डोळ्याच्या माणसाने दुसऱ्या एका चमकेला कधीही हलके घेऊ नये. अंधारातही विजेसारखी चमक दिसणे, काळ्या ठिपक्यांचा एकाएकी सडा पडणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे असू शकतात आणि जास्त मायनस असलेल्यांत शस्त्रक्रियेनंतर हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. तेव्हा सोमवारच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. एखाददुसरा जुना ठिपका अधिक ठळक दिसू लागणे ही वेगळी गोष्ट आहे; पुढचे भिंग स्वच्छ झाल्यामुळे मागचे जे आहे तेही स्वच्छ दिसते.

आता फुलांचे. चौदा सेंटिमीटरवरची नजर गेली ती गेलीच. फूल दिसले की हात अजूनही ते नाकाशी आणतो आणि तिथे ते धूसर असते. मग हात लांब करावा लागतो आणि चाळीस सेंटिमीटरवर फूल स्पष्ट, पण लहान दिसते. त्यामुळे आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या हाती दिलेले, दहापट मोठे दाखवणारे भिंग या पावसाळ्यापासून माझ्याही गळ्यात आले. ते डोळ्याला भिडवून फूल अडीच-तीन सेंटिमीटरवर आणायचे असते, याचा मला सराव नव्हता. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने, “मॅडम, भिंग फुलाजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं,” असे मला माझ्याच शब्दांत सांगितले. त्या बदल्यात रंग परत मिळाले. कारवीचा जांभळा आणि तेरड्याचा गुलाबी यांतले अंतर मला अलीकडच्या वर्षांत कमी-कमी दिसत होते. आता ते दुरूनही कळते.

यावरून वनस्पतींच्या नोंदी करणाऱ्या समवयस्कांना एक व्यावहारिक गोष्ट सांगावीशी वाटते. फुलाचा रंग केवळ नावाने लिहू नये, रंगतक्त्याशी जुळवून त्याचा क्रमांक लिहावा. मोतीबिंदू झालेला डोळा ‘जांभळा’ कोणत्या रंगाला म्हणेल याचा भरवसा नाही. पण फूल आणि तक्त्यावरची चौकट दोन्ही त्याच पिवळ्या भिंगातून पाहिली जातात, त्यामुळे त्यांची जुळणी पुष्कळशी बरोबर राहते. अगदी फिक्या निळ्या छटा तेवढ्या तरुण डोळ्यांकडून तपासून घ्याव्यात.

‘मोतीबिंदू परत होतो का?’ असे मला विचारले जाते. भिंगच काढलेले असल्याने तो परत होत नाही. मात्र नैसर्गिक भिंगाची मागची पातळ पिशवी नव्या भिंगाला आधार म्हणून जागेवर ठेवलेली असते आणि उरलेल्या पेशी तिच्यावर वाढून काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू शकते. याग लेझरने त्या पिशवीला मध्यभागी भोक पाडतात. काही मिनिटांचे काम, छेद नाही. उजव्या डोळ्यात ही धूसरता किंचित सुरू झाल्याचे मला गेल्या तपासणीत सांगण्यात आले. वाचनात अडथळा येत नाही तोवर घाई करायची नाही आणि लेझरच्या आधी बाहुली मोठी करून दृष्टिपटल पुन्हा नीट पाहून घ्यायचे, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे.