खोक्याच्या पोटातला पंखा

बालवाडीत शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, यंदा लहान गटालाही बांधकाम, यंत्रं असलं काहीतरी द्यायचं. गटात साडेतीन-चार वर्षांची अठरा मुलं. डावी चप्पल कुठली नि उजवी कुठली, यावरच निम्म्यांची पाच मिनिटं जातात. यांना मी इंजिनिअरिंग काय डोंबल शिकवणार?

पहिला आठवडा वाया गेला, तो माझ्यामुळेच. मोबाइलवर बघून मी आइस्क्रीमच्या काड्या आणि डिंक आणला. डिंक वाळेपर्यंत या वयाचं मूल थांबतं थोडंच! शेवटी मीच काड्या चिकटवत बसले नि मुलं माझ्याकडे बघत बसली. एकीच्या केसांत डिंक गेला. दुसऱ्या दिवशी आजी दारातच उभी, "बाई, हे शिकवता होय पोरांना?"

मग प्रशिक्षणात वाचलेलं आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांना शिंपले, बिया, खडे असल्या आजूबाजूच्या वस्तूंवरच शिकवलं होतं. काड्यांचा पुडा कपाटात टाकला. घराघरातून रिकाम्या काडेपेट्या, करवंट्या, किराण्याचे खोके मागवले. चिंचोके तेवढे नको म्हटलं, ते नाकात जातात.

मनोरे दोन दिवसांत जमले. खाली मोठा खोका, वर लहान, हे पडून पडूनच त्यांना कळलं. मी बोललेच नाही. (तोंड बंद ठेवणं हे या सगळ्यात सर्वांत अवघड काम होतं.)

खरी मजा पुलाची. विटांच्या दोन थप्प्या, मध्ये वीतभर नदी, वर कोरा कागद. प्लास्टिकची गाडी ठेवली की कागद वाकून गाडी नदीत. हे त्यांना इतकं आवडलं की अर्धा तास गाड्या बुडवणंच चाललं. मग मी त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि तो पुन्हा ठेवला. गाडी राहिली. दुसरी ठेवली, तीही राहिली. वर्ग चिडीचूप! पण चाकं घड्यांत अडकून गाडी पुढे जाईना. "रस्ता खडबडीत आहे," असा एकाने निकाल दिला आणि वर साधा कागद अंथरला. गाडी पलीकडे गेली.

त्यांना घड्या नीट जमत नाहीत, बोटं तेवढी तयार नसतात. ते काम माझ्याकडेच राहिलं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आठवड्याभराने एक अबोल मुलगी फाटक्या खोक्याची कड घेऊन आली. दोन सपाट कागद आणि त्यांच्या मधोमध नागमोडी कागद. तिने तो माझ्या नाकासमोर धरला. "ताई, ह्याच्या पोटात पंखा आहे." खोके रोज हाताळूनही मला हे कधी दिसलं नव्हतं. पुलाशी त्याचं नातं तिने स्वतःच जोडलं होतं.

दिवाळीत अंगणात किल्ला केला तेव्हा कोरड्या मातीचा कडा सारखा ढासळत होता. माती भिजवा, हे मी सांगण्याआधीच दोघं पाण्याचा तांब्या घेऊन आले. चिखल किती झाला ते सांगत नाही.

परवा खाऊचा मोठा खोका आला. बिस्किटं बाहेर निघायच्या आत तिघांनी त्याची कड फाडली होती.