जांभळाची पानं: माळ आणि ओढाकाठ, मोजणीची पद्धत पक्की

खडकाळ माळावरच्या आणि ओढ्याकाठच्या जांभळाच्या पानांत किती फरक पडतो, ते मोजायचं काम चालू आहे. एकाच झाडाच्या शेंड्याचं पान आणि आतल्या सावलीतलं पान यांतला फरक कधी कधी दोन अधिवासांतल्या फरकालाही मागे टाकतो. म्हणून दोन्हीकडे पूर्ण उन्हातलीच फांदी घेतोय. पान पूर्ण वाढलेलं, पण जून नको. दर ठिकाणी १० झाडं, दर झाडाची ५ पानं. एकाच झाडाची ५० पानं मोजली, तरी माहिती त्या एका झाडाचीच.

फांदी ओल्या कागदात गुंडाळून बंद पिशवीत आणायची आणि तिचं कापलेलं टोक पाण्यात बुडवून रात्रभर अंधारात ठेवायची. मलूल पान आकसतं, क्षेत्रफळ कमी भरतं. सकाळी पाणी टिपून ताजं वजन, मग ३०० डीपीआयला स्कॅन. शेजारी ५×५ सेंमीचा काळा कागद ठेवावा. तो २,५०० चौ. मिमी भरला नाही, तर स्केल चुकलंय. देठ वजनात धरला आणि क्षेत्रफळात सोडला, की सगळा हिशेब बिघडतो.

ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसला ७२ तास. वाळलेलं पान हवेतला ओलावा लगेच ओढतं, त्यामुळे सिलिका जेलच्या डब्यात थंड करून बाहेर काढताक्षणी वजन. पान ४,००० चौ. मिमी आणि शुष्क वजन ३२० मिग्रॅ असेल, तर विशिष्ट पर्णक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ भागिले शुष्क वजन, १२.५ चौ. मिमी प्रति मिग्रॅ. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर इथे १० मिग्रॅची चूक म्हणजे ३ टक्के; पाचही पानं एकत्र तोला.

विशिष्ट पर्णक्षेत्र कमी आलं म्हणून पान जाडच असेल असं नाही, ते नुसतं घट्टही असू शकतं. शुष्क वजनाला ताज्या वजनाने भागून पाहिलं, की घट्टपणाचा अंदाज येतो.

पर्णरंध्रांसाठी (पानावरची सूक्ष्म छिद्रं) पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश, वाळल्यावर चिकटपट्टीने ठसा. घाणेरीसारख्या केसाळ पानावर हे नीट जमत नाही. लहान पानात पेशी कमी पसरलेल्या असतात, त्यामुळे रंध्रं दाट दिसतात. शेजारच्या पेशीही मोजून एकूणात रंध्रांची टक्केवारी काढली, तरच खरा फरक कळतो.

पुढचा टप्पा: दोन्हीकडचं बी एकाच मातीत, एकाच उन्हात. फरक तिथेही टिकला तर तो आनुवंशिक असण्याची शक्यता वाढते. जांभळाचं बी ताजंच पेरावं लागतं. एका बियातून दोन-तीन रोपं आली तर एकच ठेवायचं. पहिली पानं बियातल्या साठ्यावर वाढतात, ती मोजणीत धरायची नाहीत.