खिडकीच्या आत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या नावनोंदणीचा फॉर्म मोबाइलवर आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये होते. घाईत बॅचचं वर्ष टाकायचं राहिलं. 'पाठवा' दाबलं, पान परत आलं, पण नाव, पत्ता, फोन सगळं होतं तसंच होतं. फक्त वर्षाच्या रकान्याखाली लाल अक्षरांत एक ओळ. हा फॉर्म ज्यानं कुणी केलाय तो बाईंच्याच हाताखालून गेलेला असणार, हे मला तिथंच कळलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

बाई म्हणजे कॉम्प्युटरच्या बाई. वरच्या मजल्यावरची लॅब, दाराबाहेरच्या चपला, लाइट गेली की ओरडणारा यूपीएस, हे तुम्हाला मी काय सांगणार! २००४ साली, नववीत, अभ्यासक्रमात नसताना बाईंनी शाळा सुटल्यावर आम्हा चौघींना पीएचपी ही वेबपानांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली. रासमुस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी केलेली तिची मूळ साधनं १९९५ साली सगळ्यांसाठी खुली केली आणि सुरुवातीच्या एका आवृत्तीच्या नावातच 'फॉर्म इंटरप्रिटर' होतं, हे सांगताना बाईंचा चेहरा खुलायचा. "फॉर्म वाचायलाच जन्मलीय ही!"

आम्ही स्नेहसंमेलनाच्या नावनोंदणीचा फॉर्म करत होतो. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की रकान्याचं नाव डॉलरचं चिन्ह लावून लिहिलं की भरलेला मजकूर आपोआप मिळतो. आमच्याकडे दोन संध्याकाळी नुसतं कोरं येत होतं. बाईंनी शोधून काढलं. २००२ साली आलेल्या ४.२ आवृत्तीपासून ती सोय मुळात बंद ठेवलेली असते. आता 'डॉलर अंडरस्कोर पोस्ट'मधून आपण मागून घ्यायचं. "दारात येईल त्याला थेट माजघरात नेतो का आपण? आधी ओसरीवर बसवायचं, विचारपूस करायची, मग आत." दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या एका मुलानं स्वतःच्या नावाभोवती मार्की टॅग टाकला आणि यादीत त्याचं नाव उजवीकडून डावीकडे पळायला लागलं. बाई रागावल्या नाहीत. टॅगच्या खुणा नुसती अक्षरं म्हणून दाखवणारं एचटीएमएलस्पेशलकॅर्स हे लांबलचक फंक्शन आम्हाला त्या दिवशी मिळालं.

पण मनात घर करून राहिलाय तो त्यानंतरचा सोमवार. माझ्या फॉर्ममध्ये आठ रकाने होते. एक जरी मोकळा राहिला तर 'माहिती अपुरी आहे' अशी ओळ दाखवून मी कोरा फॉर्म पुढे ठेवत होते. तपासणी सर्व्हरवर होत होती, चूक सापडत होती, मी खूश होते. बाईंनी मलाच खुर्चीवर बसवलं.

"भर. तुकडी लिहू नकोस."

भरला. कोरा झाला.

"आता हजेरी क्रमांक सोड."

पुन्हा कोरा. चौथ्या वेळी माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. त्याच आठवड्यात माझी आई एका कार्यालयाच्या खिडकीवरून दोनदा परत आली होती, एकेक रकाना राहिला म्हणून. दोन्ही वेळा नवा कागद, दोन्ही वेळा शेजारच्या काकांच्या हातापाया पडून पहिल्यापासून लिहून घेणं. मी ते बाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता खिडकीच्या आत तू बसलीयस."

त्या संध्याकाळी आठही रकान्यांत, आलेला मजकूर त्याच फंक्शनमधून गाळून परत ठेवायला शिकले. गाळला नाही तर मजकुरातल्या एका अवतरणचिन्हानं रकानाच फुटतो. अंधार पडला होता. मी सांगलीवाडीची, म्हणून बाई आयर्विन पुलापर्यंत सोबत आल्या.

आज माझ्या हाताखाली बारा जण आहेत. लॅराव्हेल या पीएचपीच्या तयार चौकटीत भरलेलं परत दाखवायला 'ओल्ड' नावाची तयार सोय आहे. तरीही कुणी ती वापरायला विसरलं तर मी त्याला खुर्चीवर बसवते आणि फॉर्म चार वेळा भरायला लावते. दिवाळीत लॅब पाहून आले. नवी मशिन आहेत, एसी आहे. मुलं माउसनं चौकोन ओढून दहा मिनिटांत फॉर्म उभा करतात. भरलेलं कुठं जातं, हे एकानंही विचारलं नाही. बाई निवृत्त झाल्यापासून त्यांना ते सांगायला कुणी उरलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घराघरांत शिरली तेव्हा आम्ही मैत्रिणींनी पुण्यात बसून औषधं आणि चारा कुठं हवाय त्याची नोंद घेणारा फॉर्म केला. पहिल्या रात्री नोंदी अडकायला लागल्या. लोक फोन नंबर देवनागरी आकड्यांत लिहीत होते आणि आमच्या तपासणीला फक्त इंग्रजी आकडे ओळखू येत होते. माळ्यावर बसून, संपत आलेल्या चार्जिंगवर कुणीतरी तो नंबर लिहिला होता. तपासणीआधी आकडे बदलून घेणाऱ्या चार ओळी घातल्या आणि पहाटे बाईंना फोन लावला. त्यांच्याकडे लाइट नव्हती, पाणी दारात होतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अडकलं तेव्हा बाकीचं भरलेलं राहत होतं ना गं?"

राहत होतं, बाई.