गिरगावचा मंगळ: आता घड्याळाच्या भरवशाविना

मुलुंडला माझ्या टेबलावरचा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ही पृथ्वी, गिरगावात मावशीच्या गॅलरीतला दुसरा रास्पबेरी पाय म्हणजे मंगळ. मधली स्क्रिप्ट प्रत्येक निरोप जाता-येता १२-१२ मिनिटं अडवून धरते. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा संदेशाला एका बाजूने साधारण एवढाच वेळ लागत होता. इंजिन पेटवायच्या आज्ञा इस्रोने आधीच यानावर चढवून ठेवल्या होत्या. मलाही तेच जमवायचं आहे.

नव्याने आलेल्यांसाठी: एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर थेट आज्ञा चालवायची नेहमीची सोय, इथे चालत नाही. ते ज्या टीसीपी जोडणीवर चालतं, तिचा प्रयत्न लिनक्स दोनेक मिनिटांत सोडून देतं आणि आपल्याकडे पहिलं उत्तरच २४ मिनिटांनी येतं. म्हणून बंडल प्रोटोकॉल, म्हणजे उशिराच्या, तुटक दुव्यांवरून निरोप पाठवायचे नियम: आवृत्ती ७, २०२२ चा आरएफसी ९१७१ हा मानक दस्तऐवज. वाटेतला प्रत्येक संगणक (नोड) बंडल, म्हणजे निरोपाचं गाठोडं, साठवतो, पुढचा दुवा मिळाला की पाठवतो.

या वेळचं मोठं काम घड्याळाचं. मंगळावर एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) नाही, म्हणून गिरगावातही ते बंद ठेवलंय, आणि तिथल्या रास्पबेरी पायवर बॅटरीचं घड्याळ नाही. मावशीकडे साफसफाईत प्लग निघाला की परत सुरू होताना तो जुनीच वेळ धरतो, आणि मुदत संपलेली आज्ञा त्याला ताजी वाटते. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी याची सोय करून ठेवली आहे. घड्याळ भरवशाचं नसेल तर निर्मितीची वेळ शून्य लिहायची आणि बंडलसोबत त्याचं वय पाठवायचं. ज्याच्याकडे ते जितका वेळ राहिलं, तितकं त्याने वयात मिळवायचं. आत्ता किती वाजले हे कुणालाच ठाऊक असावं लागत नाही! मला हे फार सुंदर वाटतं. मुलुंडहून निघणाऱ्या बंडलांनाही मी आता वय जोडतो.

एक फट मात्र राहते. पाय बंद असताना गेलेला वेळ वयात धरला जात नाही. त्यामुळे पुन्हा सुरू झाल्यावर साठवलेली एकही आज्ञा चालवायची नाही, यादी पृथ्वीला पाठवून संमतीची वाट पाहायची, असं ठरवलंय. २४ मिनिटं जातात, जाऊ देत.

आज्ञांची भाषाही बदलली. 'कॅमेरा ५ अंश खाली' ऐवजी 'कॅमेरा ३० अंशांवर'. पोच हरवून तीच आज्ञा दोनदा गेली तरी कॅमेरा जागेवरच राहतो.

पुढे विलंब साडेबावीस तासांवर न्यायचा आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये नासाने व्हॉयेजर १ यानाच्या मेमरीतला निकामी भाग टाळून त्याचा कोड दुसरीकडे हलवला, तेव्हा एका बाजूने एवढाच वेळ लागत होता. त्याआधी आपोआप माघारीचा भाग लिहितोय: सेटिंग बदललं आणि मुदतीत पृथ्वीची संमती आली नाही, तर जुनी फाइल परत. मुदत जाण्या-येण्याच्या वेळेहून मोठी हवीच; किती मोठी, ते चाचण्या घेऊन ठरवेन.