लग्नसराई संपली की ड्रोन धरणावर

मी माजलगाव भागात लग्नाचं शूटिंग करतो. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत ड्रोन वऱ्हाडाच्या डोक्यावर, चातुर्मासात कपाटात. फुल चार्ज करून ठेवलेल्या बॅटऱ्या कपाटात फुगतात हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पाऊस उघडला की नवरात्रापासून पुढे मी आणि आमचे मामा धरणावर जातो. मामांच्या हातात गळ, माझ्या हातात रिमोट. फोटो पाहून बरेच जण विचारतात की ड्रोनने मासेमारीची सुरुवात कशी करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी एक गैरसमज काढा. ड्रोन मासा पकडत नाही, उचलून तर अजिबात आणत नाही. तो फक्त गळ लांब नेऊन टाकतो. मासा नेहमीसारखाच रॉड आणि रिळानं ओढून काढायचा. हाताने फेकलेला गळ तीस-चाळीस मीटरवर पडतो, चांगल्या रॉडने त्याच्या दुप्पट. ड्रोन दीडशे-दोनशे मीटर आरामात नेतो. पण लांब टाकलं म्हणजे मासा लागला असं होत नाही. मरळ काठच्या गवतात बसते, चिलापी पायाशी येते. त्यांच्यासाठी ड्रोन उडवणं म्हणजे पंक्तीत शेजारी बसलेल्याला फोन करून मीठ मागणं. रोहू, कटला, मृगळ खोल पाण्यात हवे असतील तरच हा खटाटोप करा.

आता मुद्द्याची गोष्ट. ड्रोनचं खरं काम ऑक्टोबरात नाही, मे महिन्यात आहे. माजलगावचं धरण सिंदफणेवर आहे, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणीही त्यात येतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की पाण्याखाली गेलेलं सगळं उघडं पडतं: जुने बांध, बाभळीची खोडं, विहिरींची कडी, मोडक्या भिंती आणि मधून वळत गेलेलं नदीचं जुनं पात्र. तेव्हा लग्नांच्या धावपळीत एखादी सकाळ काढायची आणि शंभर मीटरवरून सरळ खाली बघत या सगळ्याचा व्हिडिओ करून ठेवायचा. पात्राच्या वळणावर ड्रोन थांबवून अ‍ॅपमध्ये ते ठिकाण जतन करायचं. धरण भरल्यावर वरून नुसती हिरवीगार सपाटी दिसते, पण तुम्हाला ठाऊक असतं की खाली पात्राची कड कुठे आहे आणि बाभळीची खोडं कुठे आहेत. कडेला मासा फिरतो, खोडात गळ अडकतो. मामांना हे व्हिडिओ दाखवले तर ते म्हणाले, "हे तर मला तोंडपाठ हाय, पण तुला कामून सांगू?" पाणी कमी असताना त्यांनी त्या पात्रातून बैलं हाकली आहेत.

सामान फार लागत नाही. माझा ड्रोन किलोच्या आतला आहे, म्हणजे नियमाच्या भाषेत 'मायक्रो', 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोच्या खाली. त्याला दोनशे ग्रॅमच्या वर काही टांगू नये. शिसं, आमिष आणि गळ मिळून शंभर-सव्वाशेत बसवा, कारण पुढे जाईल तसं तंगुसाचं (गळाच्या नायलॉन दोरीचं) ओझं आणि वाऱ्याची ओढ वाढत जाते. मुद्दाम मासेमारीसाठी केलेले, पाण्यात पडले तरी तरंगणारे ड्रोन परदेशात मिळतात, पण 2022 च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे बाहेरून तयार ड्रोन आणायला बंदी आहे. तेव्हा 'कुणीतरी दुबईहून आणून देतो' म्हणाला तर हात जोडा.

गळ सोडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे रिलीजचं यंत्र. नवरा-नवरीवर पाकळ्या टाकायला जे वापरतो तेच, ड्रोनच्या खालचा दिवा लावला की सुटतं. दुसरी साधी क्लिप, ओढ पडली की सुटणारी. मला क्लिप आवडते, तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. रीळ मोकळं ठेवून ड्रोन न्यायचा, ठिकाणावर आला की रीळ बंद करायचं आणि ड्रोन थोडा पुढे दामटायचा. टक् करून सुटतं.

क्लिप मात्र थेट ड्रोनला बांधू नका. मध्ये शिलाईचा साधा दोरा घाला. तंगूस कुठे अडकलं किंवा रिळावर गुंता झाला तर तो दोरा तुटला पाहिजे, ड्रोन पाण्यात जाता कामा नये. दोऱ्याची रीळ पाच-दहा रुपयाला मिळते, ड्रोनची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. आणि क्लिपपासून गळापर्यंत दोन-तीन मीटर अंतर सोडा, म्हणजे पंख्यात तंगूस जाणार नाही. ड्रोन उडताना आमिष जमिनीवर पसरून ठेवायचं, आधी सरळ वर जायचं, मग पुढे. त्या वेळी तंगूस एका माणसाने बोटातून सोडत राहायचं. हे काम मामा करतात. एकट्याने जाऊ नका.

पाण्यावर उडवताना ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सर गोंधळतात. लाटा आणि चमक पाहून त्यांना जमीन कुठे आहे ते कळत नाही आणि तो आपोआप खाली सरकू शकतो. आठ-दहा मीटरच्या खाली येऊ नका. बॅटरीचंही तसंच आहे. बॅटरी उतरली की ड्रोन स्वतःच घरी परतायला निघतो. गळ सुटलेला नसेल तर तो तंगुसासकट वर जातो आणि उलटा फिरून सगळा गुंता करतो. बॅटरी अर्धी असतानाच गळ सोडून मोकळे व्हा. सकाळी लवकर जा, दुपारी धरणावर वारा सुटतो आणि तंगुसाला आडवा बाक येतो. पहिले काही दिवस तर तंगूस बांधूच नका. गवताच्या मैदानात पाण्याची छोटी बाटली लटकवून सराव करा.

आमिषाला मामांचीच कृती. शेंगदाण्याची पेंड, कणीक, थोडा गूळ. हाताने फेकायचं असेल तर एवढं पुरतं. दहा मीटरवरून सोडलं की गोळा पाण्यावर आपटून फुटतो, गळ रिकामा खाली जातो. म्हणून मामा त्यात कापूस पिंजून घालतात. बोंडातला ताजा कापूस, सरकी काढून, तंतू मोकळे करून पिठात मळायचे. गोळा इतका चिवट होतो की पाण्यात बराच वेळ टिकतो आणि चिलापीची पोरं टोचून पळवू शकत नाहीत. आपल्याकडे कापसाला काय तोटा आहे! गळ खाली बसला की सैल तंगूस हळू गुंडाळायचं, रॉडच्या टोकाला घुंगरू बांधायचं आणि जेवणाचा डबा उघडायचा. ड्रोन बॅगेत, कारण घारी त्याच्यावर झडप घालतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी हवी. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, धंद्यासाठी लागतं. जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशात जागा बघा. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न घेता उडवता येणाऱ्या पट्ट्यातही 400 फुटांच्या वर जायचं नाही. नांदेडला विमानतळ आहे, तिथल्या विष्णुपुरी धरणावर जाणाऱ्यांनी हे विसरू नये. धरणाची भिंत आणि दरवाजे कुठेही असोत, तिथे ड्रोन काढूच नका. पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन खात्याला विचारल्याशिवाय गळही नको आणि ड्रोनही नको. फ्लेमिंगो बघायला जा, दुर्बीण घेऊन.

दक्षिण आफ्रिकेत ड्रोनने मासेमारी करणं बेकायदा आहे. 2022 मध्ये तिथल्या न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. गळ-काठीची परवानगी म्हणजे हाताने चालवायची काठी, असा अर्थ त्यांनी लावला. मला तो निकाल पटतो आणि तरीही मी ड्रोन उडवतो. माझा हिशोब असा की एका वेळी एकच गळ टाकायचा, खाण्यापुरतं ठेवायचं, छोटे मासे परत सोडायचे.

यापेक्षा महत्त्वाची माणसं म्हणजे मच्छीमार सोसायटीची. मासेमारीचा ठेका त्यांच्याकडे, बीज त्यांनी सोडलेलं, पोट त्यांचं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून भल्या पहाटे जाळी उचलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तुमचा ड्रोन घोंगावत गेला तर तो चिडणारच. आधी जाऊन विचारा, जाळी कुठे लावलीय ते समजून घ्या. आम्ही विचारलं तेव्हा तिथल्या एका आजोबांनी मे महिन्याचा व्हिडिओ मागून घेतला. त्यात त्यांचं जुनं शेत होतं. विहीर कोणती, गोठा कुठे, सगळं त्यांनी मोबाइलवर बोट ठेवून दाखवलं. वर म्हणाले, "विहिरीच्या अंगाला गळ टाकू नको, जुनी मोटर तिथंच हाय, अडकंल." त्या विहिरीपासून आम्ही गळ लांबच टाकतो.